पंच तुमच्या घरचा गडी नाही

बसू नका. उभेच राहा. काल मैदानाच्या मधोमध अर्धा तास उभं राहून घसे फोडलेत तेव्हा पाय दुखले नाहीत, तर आज शाळेच्या व्हरांड्यातही दुखणार नाहीत. आणि तू, तो मोबाईल खिशात घाल. व्हिडिओ मला दाखवायचा नाही. मी तिथंच होतो. मंडपातल्या पहिल्या खुर्चीवर, तुम्हीच घातलेला हार गळ्यात घेऊन, खुळ्यासारखा बसलो होतो.

आठ संघांचे आठ कप्तान बोलावले होते. मोजले, सातच आहेत. आठवा आलेला नाही, एवढं मला दिसतंय. जाताना त्याच्या घरावरून जा आणि इथलं सगळं त्याला सांगा. गाळून सांगू नका.

कप्तान म्हणे! महिनाभर नगर-मनमाड रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीला तुमची तोंडं बघावी लागली. केवढे ते फ्लेक्स! हाताची घडी, डोळ्यांवर काळा चष्मा, मागं सिंह, खाली वाक्य. एकाच्या फ्लेक्सवर तर भगवतीमाता कोपऱ्यात आणि हा मधोमध. बरं, असू द्या, हौस आहे. पण फ्लेक्सवर कप्तान असलेला माणूस मैदानावर भांडण लागलं की कुठं जातो? काल मी नीट पाहिलं. एक कप्तान सगळ्यांच्या पुढं धावत गेला, हातात बॅट घेऊन. दुसरा मंडपामागं फोन कानाला लावून उभा राहिला. फोनवर कोणी नव्हतं. मी तुझ्या शेजारीच पाणी पीत होतो रे, तुझ्या फोनची स्क्रीन काळी होती.

झालं काय होतं, ते एकदा सरळ सांगतो, कारण आज सकाळपासून गावात त्याच्या चार गोष्टी फिरताहेत. शेवटचं षटक, चौथा चेंडू, नऊ धावा हव्या होत्या. फलंदाजानं चेंडू मिडविकेटला ढकलला, एक धाव झाली, दुसरीला पळाले. फेक बोलरच्या टोकाला आली. फक्कीची रेघ दुपारीच पुसली गेली होती, ती परत मारायचं कोणाला सुचलं नव्हतं. गिल्ली पडली तेव्हा बॅट आत होती की बाहेर, हे मला मंडपातून दिसलं नाही. तुम्हालाही दिसलं नाही. बोलरच्या पाठीमुळं कॅमेऱ्यालाही दिसलं नाही. दिसलं ते फक्त एकाला, कारण तो चार हातांवर, त्यासाठीच उभा होता. त्यानं बोट वर केलं.

पुढं अर्धा तास जे चाललं त्याला तुमच्यातला एक जण आत्ता बाहेर ‘थोडी बाचाबाची’ म्हणत होता. एकानं स्टंप उपटला. एकानं पंचाला विचारलं, “किती घेतलेस?” माइकवाल्याला वाटलं आपण सभेत आहोत, तो म्हणाला, “पब्लिक सगळं बघतंय.” पब्लिकनं ते ऐकलं आणि पब्लिक आत आलं. माइक चालूच राहिला, आणि पंचाच्या आईवरून जे शब्द निघाले ते नदीकाठच्या वाऱ्यावर भगवतीच्या देवळापर्यंत गेले. देवळात गेलेल्या बायका परत येताना माझ्याकडं बघत होत्या. मी प्रमुख पाहुणा ना!

आणि त्या पोरानं काय केलं? तुम्ही कोणी पाहिलं नसेल, तुम्ही ओरडत होतात. मी पाहिलं. चेंडू मोजायला त्यानं खिशात सहा खडे ठेवले होते. टाकलेल्या चेंडूंचे चार उजव्या खिशात, उरलेले दोन डाव्या मुठीत. त्यानं सहाच्या सहा काढले, वाकून खेळपट्टीच्या कडेला ठेवले, टोपी काढली आणि मागं न बघता रस्त्याला लागला. त्या दोन चेंडूंचा निकाल तुम्ही नंतर कसा लावलात ते मला माहीत नाही. मी बक्षीस द्यायला थांबलो नाही.

हा पोरगा कोण आहे? मंगळावरून आलाय का? आठवडाभर सकाळ-संध्याकाळ डेअरीवर तुमच्या दुधाची फॅट लावतो. तुम्ही किटली पुढं करता, तो नमुना काढतो, मशीनवर आकडा येतो. तीन-पाच, आठ-पाच. एक आकडा खाली आला की लिटरमागं पैसे कापले जातात, आणि तरी तुम्ही वहीवर सही करून निमूट घरी जाता. तिथं खरे पैसे आहेत, घर चालवायचे पैसे. तिथं त्याला कोणी विचारत नाही, किती घेतलेस म्हणून. रविवारी प्लॅस्टिकच्या चषकासाठी मात्र तोच पोरगा चोर! मला हा हिशेब कोणीतरी समजावून सांगा. सोमवार ते शनिवार ज्याच्या शब्दावर तुमचं दूध जातं, त्याच्या शब्दावर रविवारी तुमची एक विकेट जात नाही?

“सर, डिसिजन चुकीचा होता.”

बरं. चुकीचा होता. मानलं. मी भांडतच नाही त्यावर. २ फेब्रुवारी २०२५ आठवतं? नगरचं वाडिया पार्क, महाराष्ट्र केसरीची ६७ वी स्पर्धा. तुमच्यातले दोघं तिथं गेले होते, फोटो टाकले होते. शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ. पंचानं राक्षे चितपट झाल्याचं दिलं. त्याचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा. निर्णय बरोबर की चूक, यावर पुढं चिक्कार वाद झाला, पारापारावर झाला. पण त्या मिनिटाला त्या पैलवानानं पंचाची कॉलर धरली आणि लाथ घातली. झालं, तिथून पुढं खांदे टेकले की नाही हा प्रश्न मागं पडला आणि लाथ पुढं आली. अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडनं पंचाशी वाद घालून शेवटच्या क्षणांत मैदान सोडलं. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी घातली कुस्तीगीर संघानं. पैलवानाची तीन वर्षं म्हणजे काय असतात ते आपल्याकडच्या कोणत्याही तालमीत विचारा. ज्यानं आधी महाराष्ट्र केसरी मारलेली, ज्याच्यावर अन्याय झाला असं निम्मा महाराष्ट्र म्हणत होता, त्याचीही बाजू एका लाथेनं गेली. तुमची काय बाजू राहणार आहे? तुम्ही तर सहा षटकांच्या टेनिस बॉलसाठी स्टंप उचललात.

आपल्या यात्रांतले हगामे तुमच्या आजोबांनी गाजवलेत. नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत आखाड्यात पंच म्हणून उभी असायची ती गावातलीच चार म्हातारी माणसं. त्यांच्याकडं ना शिट्टी, ना व्हिडिओ. पंधरा-वीस मिनिटं जोड सुटेना की म्हातारा मधे हात घालून म्हणायचा, बरोबरीत सोडा. दोघं पैलवान माती झटकत बाजूला व्हायचे. मनातून चडफडत असतील, असतीलच की! एखादा पुढच्या यात्रेपर्यंत धुमसत राहायचा, आणि पुढच्या यात्रेला तीच जोड परत लागायची. पण म्हाताऱ्याच्या अंगावर गेलेला पैलवान मी माझ्या आयुष्यात पाहिला नाही.

आता मुद्द्याला येतो. तुम्हाला वाटत असेल सर स्टंपवाल्यावर चिडलेत. नाही. वीस-बावीस वर्षांचं पोरगं, रक्त गरम, डोकं फिरतं. मी चिडलोय कप्तानांवर. तुमच्यावर. कारण मैदानावरची शिस्त लावायचं काम पंचाचं नाही, तुमचं आहे. पंच फक्त आऊट की नॉटआऊट सांगतो. आपल्या पोराच्या दंडाला धरून त्याला बाहेर आणणं, हे कप्तानाचं काम.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. क्रिकेटचे कायदे लंडनच्या एमसीसीकडं असतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांनी त्यात ४२ वा कायदा घातला, खेळाडूंच्या वागणुकीचा. त्यात चार पायऱ्या आहेत. पंचाला शब्दांनी किंवा हातवाऱ्यांनी धाक दाखवलात, तिसरी पायरी: खेळाडू काही षटकं बाहेर. पंचाला मारायची धमकी दिलीत, चौथी पायरी: उरलेल्या पूर्ण सामन्यात बाहेर, आणि वर समोरच्या संघाला पाच धावा. काल तुम्ही कुठल्या पायरीवर होतात ते तुमचं तुम्ही ठरवा. पण त्यातली खरी गोम ऐका. पंच त्या खेळाडूला स्वतः हाकलत नाही. तो कप्तानाला सांगतो, तुझ्या माणसाला बाहेर काढ. आणि कप्तानानं नाही म्हटलं, तर सामनाच समोरच्या संघाला बहाल. म्हणजे साहेबांनीसुद्धा शेवटी जबाबदारी कोणाच्या गळ्यात बांधली? कप्तानाच्या. फ्लेक्सवरच्या माणसाच्या.

असा कप्तान बघायला लंडनला जायची गरज नाही. आपल्याच प्रवरेच्या वरच्या अंगाला आश्वी खुर्द आहे. लोणी ओलांडलं की आलंच. १९८८ साली तिथं जन्मलेलं एक पोरगं पुढं भारताचं नेतृत्व करतं. अजिंक्य रहाणे. तुमच्यातल्या निम्म्यांच्या डीपीला त्याचा फोटो असतो, आमच्या भागातला म्हणून मिरवता. मग त्यानं सप्टेंबर २०२२ मध्ये कोइमतूरला काय केलं ते माहीत आहे का?

दुलीप ट्रॉफीचा अंतिम सामना, पश्चिम विभाग विरुद्ध दक्षिण विभाग. पाचवा दिवस. रहाणे पश्चिमचा कप्तान. त्याच्या संघात यशस्वी जैस्वाल, ज्यानं त्याच सामन्यात दुसऱ्या डावात २६५ धावा ठोकल्या होत्या. दोनशे पासष्ट! तुमच्याकडं कोणी पंचवीस केल्या तर तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन फिरता. तर हा जैस्वाल जवळच्या क्षेत्ररक्षणाला उभा राहून दक्षिणच्या रवी तेजाला सारखं काहीबाही बोलत होता. पंचांनी समज दिली. रहाणेनंही समजावलं. तरी बोलणं थांबेना. तेव्हा रहाणेनं त्याला सांगितलं, बाहेर जा. अंतिम सामना, टीव्हीवर चाललेला, संघातला सगळ्यात जास्त धावा केलेला पोरगा, आणि त्याच्या स्वतःच्या कप्तानानं त्याला सीमारेषेबाहेर पाठवला. काही षटकांनी परत घेतलं. पश्चिमनं सामना २९४ धावांनी जिंकला, पण ते सोडा, जिंकला म्हणून मी सांगत नाही.

मी सांगतोय ते वेगळं. मला सांगा, तुमच्यापैकी कोणाची हिंमत झाली का काल असं करायची? नाही. का नाही? कारण स्टंपवाला तुमचा ‘स्टार’ आहे. तो रुसला तर पुढच्या रविवारी दुसऱ्या संघाकडून खेळेल. त्याच्या काकांनी टी-शर्टचे पैसे दिलेत. तो चिडला तर ग्रुप सोडून जाईल. म्हणजे कप्तान तुम्ही नाहीच. कप्तान तो आहे. तुम्ही फक्त टॉसला जाता.

आणि तो दुसरा फलंदाज, तो समोर उभा आहे, त्याला मी विसरलेलो नाही. आऊट झाल्यावर ज्यानं आपल्याच जोडीदारावर बॅट उगारली. “पहिल्या हाकेला तू पळाला नाहीस” म्हणून! हाच रहाणे, डिसेंबर २०२०, मेलबर्न. आठवडाभर आधी ॲडलेडला सगळा संघ ३६ धावांत गुंडाळलेला. विराट कोहली घरी परतलेला, मालिकेत आपण मागं. रहाणे ११२ वर खेळत होता, जडेजा ४९ वर. जडेजाचं अर्धशतक व्हावं म्हणून एक चोरटी धाव घेताना रहाणे धावबाद झाला. भारताचा कप्तान, तसल्या सामन्यात, शतकावर असताना. आणि बाहेर जाताना यानं काय केलं? जडेजाला धीर दिला, जा, तू खेळत राहा म्हणून. तू सात धावांवर होतास लेका. सात.

“सर, एवढं काय, गावातली स्पर्धा आहे, मजा म्हणून खेळतो.”

हे कोण बोललं? तूच ना? पुढं ये. मजा म्हणून खेळता हे मला मान्य आहे, म्हणून तर मी तुमच्यावर जास्त चिडतो. रहाणेचं ते पोट आहे, धंदा आहे. तिथं रागाला निदान कारण असतं. तुमच्यातला एक ड्रायव्हर, एक कांद्याच्या वखारीवर, दोन शेती बघतात, एक मेडिकलवर. सहा दिवस राबून रविवारी चार घटका हसायला येता, आणि घरी जाताना दोन घरांतलं बोलणं बंद करून जाता. ज्याला काल चोर म्हटलंत त्याच्या भावाच्या ट्रॅक्टरनं पुढच्या महिन्यात तुमचं शेत नांगरायचंय. तो ट्रॅक्टर आला नाही की मग मजा किती होती ते कळेल.

आता वेळेबद्दल. सकाळी आठची मॅच. पहिला संघ सव्वानऊला आला. कप्तान म्हणतो, पोरं जमली नाहीत. अरे, तुम्ही पाटाच्या पाण्यावरची माणसं! रात्री दोनला चारीवर पाण्याची पाळी असली की कडाक्याच्या थंडीत बॅटरी घेऊन दहा मिनिटं आधी हजर असता. पाटकऱ्यानं अर्धा तास उशीर केला तर त्याच्या सात पिढ्या उद्धारता. कारण तिथं तुमच्या उसाचा प्रश्न असतो. आणि इथं समोरचा संघ सकाळपासून उन्हात बसलेला, त्याची पाळी तुम्ही फुकट घालवता, त्याचं काहीच नाही? पाळी चुकली की पाणी पुढच्या माणसाला जातं. मॅचचंही तसंच करणार आहे मी. दर दहा मिनिटांना एक षटक कापायचं. अर्ध्या तासानं आलात तर तीन षटकं खेळा. एक तासानं आलात तर फ्लेक्ससमोर फोटो काढा आणि घरी जा.

बाहेरचे खेळाडू. ह्याबद्दल तुम्हाला वाटतं मला काही कळत नाही. काल लाल टी-शर्टवाल्यांनी जो डावखुरा आणला होता, स्कोअरबुकात त्याचं नाव कोणाचं लिहिलं होतं? तुझ्या चुलतभावाचं. तुझा चुलतभाव पुण्याला कंपनीत आहे, दिवाळीशिवाय येत नाही. आणि तो डावखुरा षटकार मारल्यावर तुमचीच पोरं त्याच्या खऱ्या नावानं ओरडत होती, माइकवर! खोटं बोलावं तर निदान नीट बोलावं. गाडीभाडं दिलंत, वर पाकीट दिलंत, का? चषकासाठी. आणि तुमच्याच संघातला तो मागच्या गल्लीतला पोरगा, ज्यानं सगळ्यांच्या आधी वर्गणी भरली, टी-शर्टवर स्वतःचं नाव छापून घेतलं, त्याला तीन वर्षांत किती चेंडू खेळायला मिळाले? मी सांगतो, एकही नाही. तो पाण्याचा जार आणतो, हरवलेला बॉल उसातून शोधून आणतो, आणि फोटोत कडेला उभा राहतो. काल पेरूच्या झाडाखाली एकटा बसून त्यानं बॅटच्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळली. तुमच्या बॅटच्या. मला ते पाहून स्टंपापेक्षा जास्त वाईट वाटलं.

पैशांचंही विचारतो. प्रवेश फी घेतली, जाहिराती घेतल्या, हार-नारळ-मंडप झाला. पावत्या कुठं आहेत? शेजारी प्रवरानगर आहे. शेतकऱ्यांकडून एकेक शेअर गोळा करून विठ्ठलराव विख्यांनी १९५० मध्ये कारखाना उभा केला, त्या भागातली तुम्ही पोरं. सहकाराच्या जिल्ह्यात आठ संघांना मिळून एक वही ठेवता येत नाही? स्कोअरबुकाची शेवटची तीन पानंसुद्धा कोणीतरी भेळ खायला फाडलीत.

मैदानाचं तर बोलायलाच नको. शाळा सोमवारी भरते हे तुम्हाला माहीत आहे, इथंच शिकलात. आज सकाळी पहिलीच्या पोरांनी प्रार्थनेआधी काय उचललं, सांगू? पाण्याच्या बाटल्या, पुड्यांचे कागद, आणि दोन काचेच्या बाटल्या, त्या कसल्या ते तुम्हाला ठाऊक आहे. सहा वर्षांच्या पोरीनं माझ्या हातात ती बाटली आणून दिली आणि विचारलं, सर, हे औषध कोणाचं?

मघापासून मागं कोणीतरी कुजबुजतंय की सभ्यपणानं मॅच जिंकता येत नाही. बरोबर आहे. येत नाही. मी कधी म्हटलं येते म्हणून? फेब्रुवारी १९८०, मुंबईचं वानखेडे, इंग्लंडविरुद्धची सुवर्णमहोत्सवी कसोटी. इंग्लंडचे ५८ धावांत पाच गेलेले. पंचानं बॉब टेलरला यष्टीमागं झेलबाद दिलं. आपला कप्तान गुंडाप्पा विश्वनाथ पहिल्या स्लिपला होता, त्याला खात्री होती बॅट लागलेली नाही. त्यानं टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमनं मग १७१ धावांची भागी केली, आणि आपण ती कसोटी दहा गड्यांनी हरलो. सपशेल हरलो. विश्वनाथनं हे जिंकायला केलंच नव्हतं. त्याला जे दिसलं तेवढं त्यानं केलं. जिंकणं-हरणं ही तुमची भीती आहे, माझी नाही. आणि पलीकडच्या श्रीरामपुरात जन्मलेल्या झहीर खाननं ९२ कसोटींत ३११ बळी घेतले. त्यातला एकही पंचाला दम देऊन मिळालेला नाही, एवढं मला नक्की सांगता येईल.

येत्या रविवारचं ऐका, एकदाच सांगतो. पंचाशी बोलेल तर कप्तान बोलेल, तेही हातात बॅट न घेता, एकदा, आणि ‘पंच’ म्हणून हाक मारून. बाकी कोणी तोंड उघडलं की कप्तानानं त्याला बाहेर काढायचं; कप्तानानं काढलं नाही तर सामना समोरच्यांचा. लेगचा पंच फलंदाजी करणाऱ्या संघाचा असणार नाही, तो तिसऱ्या संघातून येईल. फक्कीची रेघ प्रत्येक डावाआधी मारायची, आणि ती टॉस हरलेल्या संघानं नाही, टॉस जिंकलेल्या संघाच्या कप्तानानं मारायची. यादीत बारा नावं, शाळेच्या दाखल्यावर असतील तशी, शनिवारी रात्रीपर्यंत माझ्याकडं. ज्यानं वर्गणी भरली त्याला साखळीतल्या एका तरी सामन्यात फलंदाजी किंवा एक षटक. तुम्ही म्हणाल मॅच हराल. हरा. माइकवर धावा आणि नावं एवढंच बोलायचं. शेवटच्या चेंडूनंतर मैदान झाडायचं, दोन्ही संघांनी, आणि मी तिथंच खुर्ची टाकून बसणार आहे.

आणि पंच? कोण उभा राहणार?

काल संध्याकाळी मी डेअरीवर गेलो होतो. गर्दी ओसरल्यावर तो मशीन धूत होता. म्हणालो, रविवारी येशील ना? तो हातातलं फडकं पिळत राहिला. म्हणाला, “सर, तुम्ही सांगताय म्हणून नाही म्हणवत नाही. पण आई म्हणते, जाऊ नको.” त्याची आई देवळातून परतताना त्याच रस्त्यानं येत होती काल. तिनं ऐकलंय.

तेव्हा मी त्याला काही सांगणार नाही. सांगायचं तुम्ही. फोनवर नाही, ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकून नाही. शिवी दिलीत ती चारचौघांत दिलीत, तर माफीही चारचौघांत मागायची, आठही कप्तानांनी, आणि स्टंपवाल्याला सोबत घेऊन. आधी पंचाच्या आईची, मग पंचाची. तो हो म्हणाला तर रविवारी खेळ होईल. नाही म्हणाला तर मैदानाला कुलूप आहे आणि किल्ली मुख्याध्यापकांकडं आहे.

डेअरी सकाळी साडेसहाला उघडते. तिथं रांग असते. रांगेतून जा.